खड्ड्याचा धनी

पंचमीच्या सकाळी चनबसप्पा कोनापुरे कपाळाला विभूती लावून रंगखान्याच्या मागच्या दारात उभा राहिला आणि त्यानं सिद्धेश्वराला हात जोडले. मागणं नवंच होतं. धाकट्या भावाविरुद्ध चाललेला खटला आपण हरावा, असं तो मागत होता.

मागताना त्याची त्यालाच लाज वाटली. हाच खटला जिंकावा म्हणून त्यानं याच देवाला अभिषेक घातला होता, आणि तोही पुजाऱ्याशी घासाघीस करून. देवाच्या जागी आपण असतो तर असल्या गिऱ्हाइकाला दुकानाची पायरी चढू दिली नसती, असं त्याच्या मनात आलं.

समोर खटल्याची जागा होती. वडील, म्हणजे अप्पा, होते तोवर रंगखाना एकच होता. ते गेल्यावर मधोमध भिंत आली. अलीकडं चनबसप्पा, पलीकडं शिवप्पा. भिंत मागच्या मोकळ्या पट्टीपाशी येऊन थांबली, कारण पट्टीच्या मध्यावर अप्पांनी खणलेला खड्डा होता आणि त्यात पाया घ्यायला एकही गवंडी उतरेना. दोन्हीकडच्या मोऱ्या त्या खड्ड्यात पडत. चादरीचं सूत रंगवून उरलेलं पाणी कधी काळं यायचं, कधी जांभळं, आणि रंग पक्का करायला बायक्रोमेट वापरलं की हळद कालवल्यासारखं पिवळं. गाळ साचत गेला, खड्डा काठाला आला. पण खड्ड्याकडं बघतं कोण? बघत होते ते पट्टीकडं.

अक्कलकोट रोडला कारखान्यांची वसाहत वाढत होती आणि मागून नवा रस्ता जाणार, असं कुणीतरी हॉटेलात म्हणालं होतं. कोण म्हणालं, ते आता दोघांनाही आठवत नव्हतं. चनबसप्पानं पट्टीला फाटक बसवून कुलूप घातलं. शिवप्पानं कुलूप तोडून आत शेवगा लावला. चनबसप्पानं शेवग्याला म्हैस बांधली. म्हशीनं शेवगा खाल्ला, आणि प्रकरण दिवाणी कोर्टात गेलं. भावाभावांचं बोलणं तेव्हापासून बंद. दोघांनीही शपथेवर लिहून दिलं की पट्टी पहिल्यापासून माझ्या आणि फक्त माझ्याच ताब्यात आहे. चनबसप्पाच्या कागदात तर ‘खड्ड्यासह’ असा जादा शब्द होता. वकील म्हणाला होता, “खड्डा कशाला?” चनबसप्पा म्हणाला होता, “मग सोडायचा कशाला?”

त्या एका शब्दावर तो इतका खूश झाला होता की घरी जाताना त्यानं बायकोला गजरा नेला. कस्तुराबाईला संशय आला होता. तिला खरं कारण सांगितल्यावर तिनं गजरा म्हशीला घातला होता.

मग या उन्हाळ्यात बिरप्पाची मेंढरं मेली. खड्ड्याच्या खालच्या अंगाला बिरप्पा धनगराचं रान आणि विहीर. खड्डा एका बाजूनं फुटला, ओघळ रानात गेला, त्यात तोंड घातलेली मेंढरं आडवी झाली, आणि पुढं विहिरीच्या पाण्यावरही पिवळी झाक आली. बिरप्पा आधी चनबसप्पाकडं आला. चनबसप्पानं त्याला भिंतीपलीकडं पाठवलं. शिवप्पानं त्याला भिंतीअलीकडं पाठवलं. असं थोडे दिवस चाललं. मग बिरप्पानं विहिरीचं पाणी बाटलीत भरलं आणि तो सरकारी ऑफिसात जाऊन बसला. एरवी बसून बसून उठला असता. पण दिवस आणीबाणीचे, साहेब लोक वेळेवर येत होते, आणि बिरप्पाला तिथं खरोखरच साहेब भेटला.

साहेब तरणा होता. नाकाला रुमाल लावून त्यानं खड्ड्याभोवती चक्कर मारली.

“पाणी घाण करण्याविरुद्ध आता कायदा आहे,” तो म्हणाला. “जाणूनबुजून विहिरीत, ओढ्यात विषारी घाण सोडली तर गुन्हा. जाऊ दिली तरी गुन्हा. तुरुंग आहे याला. खड्डा कुणाचा?”

दोघं भाऊ एकमेकांकडं बोट दाखवून मोकळे झाले. एकाच वेळी, एकाच हातानं. अप्पांचीच लेकरं, यात शंका नको.

साहेबानं पंचमीच्या दुसऱ्या दिवसापर्यंत मुदत दिली. तोवर नाव सांगा, साफ कसं करणार ते सांगा. नाहीतर नाव मी कोर्टातून शोधतो.

कोर्टात तर नाव शपथेवर लिहिलेलं होतं. चनबसप्पा वकिलाकडं धावला.

“ताबा तुमचा म्हणालात तर खड्डा तुमचा,” वकील म्हणाला. “ताबा माझा नाही म्हणालात तर आजवरची शपथ खोटी.”

“मधलं काही?”

“मधलं म्हणजे खटला हरा.”

तेच मागणं आज सिद्धेश्वरापर्यंत पोचलं होतं.

चनबसप्पानं हात खाली घेतले तेवढ्यात फाटक करकरलं. शिवप्पा आत आला. खांद्यावर कुदळ, मागं मुरमानं भरलेली बैलगाडी.

“अण्णा,” शिवप्पा म्हणाला.

चार वर्षांनी ही हाक. चनबसप्पानं मागं वळून बघितलं, दुसरा कुणी अण्णा उभा आहे का ते.

“अण्णा, बुजवून टाकू. वर मुरूम, मुरमावर सडा. उद्या सायबाला रांगोळी दिसंल.”

“आणि खालचं?”

“खालचं खाली.”

चनबसप्पाला बेत आवडला. वरून बुजवलं तरी विहिरीत जायचं ते जाणारच, हे त्याला कळत होतं. पण कळणं आणि आवडणं यांची खाती त्यानं पहिल्यापासून वेगवेगळी ठेवली होती. तो आपली पाटीसुद्धा आणायला निघाला. निघताना भावाला म्हणाला, “गाडीवाल्याला चहा पाजलास का?” इतका जिव्हाळा एकदम बाहेर पडल्यानं दोघंही जरा ओशाळले.

“कुदळ ठेव खाली.”

पार्वतम्मा दारात उभी होती. भिंत घातली तेव्हा मधली खोली आईला दिली होती; तिला दोन दारं, एक अलीकडं, एक पलीकडं. कुठल्या दारानं ती कधी येईल याचा नेम नसे.

“अव्वा, उद्या सायब—”

“सायब उद्या. पंचमी आज. आज मातीला लोखंड लावायचं न्हाई. नागोबाचा संसार हाय खाली.”

“ह्या खड्ड्यात कुटला नागोबा जगतोय?” शिवप्पा म्हणाला.

“मग त्याचं सुतक पाळ. ठेव कुदळ.”

“उकरत न्हाई गं अव्वा, भरतोय.”

“तो मुरूम कुटनं आणला? आभाळातनं? कुणाचं तरी रान उकरूनच आणलं की. गाडी बाहेर काढ, आणि दोघं पाय धुऊन जेवायला या. दाक्षा बार्शीहून आलीय. दोघांनी एका पंगतीला बसायचं. तेवढं तरी मला बघू द्या.”

गाडी बाहेर गेली. सरकारचा कायदा उद्या लागू होणार होता. अव्वाचा आजच लागू झाला.

पंगत पार्वतम्माच्या मधल्या खोलीत बसली. पुरणाची दिंडं, कटाची आमटी, जोंधळ्याच्या लाह्या. बहीण दाक्षायणी वयानं दोघा भावांच्या मधली. बार्शीच्या एका अडत दुकानात तिचा नवरा दिवाणजी. ती कालच आली होती आणि सकाळी लाह्या-दूध घेऊन वारुळाला जाऊन आली होती. आता ती आईच्या मांडीला मांडी लावून बसली आणि भावांकडं बघत राहिली, कारण बघण्यासारखंच चाललं होतं.

“अण्णा, मी लई इचार केला,” शिवप्पा म्हणाला. “तुमी थोरले. अप्पांच्या मागं तुमीच अप्पा. मागची पट्टी तुमचीच. माझा शेवगा म्हंजे पोरखेळ व्हता.”

“न्हाई, न्हाई,” चनबसप्पा कळवळला. “धाकट्याचं मन मोडून मला जागा नको. शेवगा तू लावलास. माझ्या म्हशीनं खाल्ला. चूक म्हशीची.”

“म्हशीला काय कळतंय? तुमचा ताबा व्हता म्हणून तर म्हैस तितं बांधली.”

“तुझा ताबा व्हता म्हणून तर शेवगा व्हता!”

“तुमी कुलूप लावलं व्हतं!”

“तू तोडलंस की! ज्याच्या ताब्यात असतंय त्योच तोडतोय!”

कस्तुराबाई तुपाची वाटी घेऊन उभी होती. “ह्या जागेपायी चार वर्षं मला माझ्या जावेशी बोलू दिलं न्हाई,” ती म्हणाली. “आता एकमेकाला जागा भरवाया लागलाय. दिंड खावा, निवतंय.”

चनबसप्पानं दिंड मोडलं, घास उचलला आणि त्याची नजर बहिणीवर गेली. त्याच वेळी शिवप्पाचीही गेली. तो विचार आधी कुणाच्या डोक्यात आला यावर घरात पुढं कायम मतभेद राहिले. दोघंही त्याचं श्रेय दुसऱ्याला देत.

“दाक्षा,” चनबसप्पा म्हणाला, “अप्पांच्या मागं तुला काय मिळालं गं?”

“हक्कसोडीवर सही,” दाक्षायणी म्हणाली. “आणि त्या दिवशी जेवण बरं व्हतं.”

“ते माझ्या मनाला लागून ऱ्हायलंय.”

“माझ्या पण,” शिवप्पा घाईनं म्हणाला. “अक्का, तू मागं दोन खोल्यांपुरती जागा मागितली व्हतीस.”

“मागितली व्हती की. तू म्हणालास, अण्णाला इचार. अण्णा म्हणाले, कोर्टाला इचार.”

“आता कुणालाच इचारायचं न्हाई,” चनबसप्पा म्हणाला. आवाज एवढा भरून आला की त्याला स्वतःलाच खरं वाटलं. “ती पट्टी तुझी. आख्खी. आमी खटला काढून घेतो. उद्या सायबासमोरच सांगून टाकू.”

“सायबासमोर कशाला?”

“साक्षीदार असलेला बरा,” शिवप्पा म्हणाला.

पार्वतम्मानं पदर डोळ्याला लावला. तिनं एक हात थोरल्याच्या गुडघ्यावर ठेवला, एक धाकट्याच्या. “माझी लेकरं,” एवढंच म्हणाली. चनबसप्पानं उचललेला घास पानात परत ठेवला. आईला आपण कधी रडवलं त्याची यादी लांब होती, पण आनंदानं रडवल्याचं हे पहिलंच, आणि तेही खोटं.

“दोन खोल्या काढते,” दाक्षायणी सांगत होती. “खिडकी विहिरीच्या बाजूला. थोरलीला हितं कालेजात घालते, ती माझ्यापाशी ऱ्हाईल. शेजारी बिरप्पाची विहीर हाय, म्हंजे पाण्याची ददात न्हाई. अव्वाला पण तितं घेऊन जाईन, दोन दारांत उभं ऱ्हाऊन तिचे पाय गेले.”

आता बोलावं, असं चनबसप्पानं ठरवलं. त्यानं पाण्याचा घोट घेतला, घसा खाकरला, भाची आणि आई त्या खिडकीत बसलेली त्याला दिसली. मी बोलणारच होतो, असं तो पुढं आयुष्यभर सांगत राहिला. शिवप्पाही सांगत राहिला. त्या दुपारी बोललं मात्र कुणीच नाही. शिवप्पानं आणखी एक दिंड मागून घेतलं.

“घेते,” दाक्षायणी म्हणाली. “अव्वा, माहेरचं भांडं लेकीला कसं देत्यात गं?”

“कसं म्हंजे? घासून-पुसून. रिकामं पण द्यायचं न्हाई, आत मूठभर जोंधळं घालून.”

“खरकटं दिलं तर?”

“खरकटं भांडं लेकीला? शत्रूला देत न्हाईत.”

“मग ह्या दोघांस्नी सांग. माझ्या भांड्याच्या तळाला अप्पांपासूनचं खरकटं हाय.”

कस्तुराबाईच्या हातातल्या वाटीतून तूप चनबसप्पाच्या पानात पडत राहिलं आणि पहिल्यांदाच ते त्याच्या ध्यानात आलं नाही.

“सकाळी मायाक्काबरोबर वारुळाला गेले व्हते,” दाक्षायणी म्हणाली. “बिरप्पाची मायाक्का. वारूळ तिच्या विहिरीपाशीच हाय, अण्णा. विहिरीत वाकून बघितलं. तिची सून पोटुशी हाय, ती लांबच्या नळावरनं घागर आणती. मला तहान लागली म्हणाले तर मायाक्कानं त्यातलं अर्धं फुलपात्र दिलं. अर्धं. आणि वरनं मलाच म्हणाली, वाईट मानू नका.”

“तुला ठावं व्हतं,” चनबसप्पा म्हणाला, “तर मग खोल्या आणि खिडकी कशाला काढत बसलीस?”

“तुमी मला कुटवर जाऊ देताय ते बघत व्हते. अव्वाला खिडकीत बसवलं, तरी तुमी पाणीच पीत बसला.”

चनबसप्पा खाली मान घालून पानाकडं बघू लागला. पानात तुपाचं तळं झालं होतं.

“अक्का, नको असंल तर ऱ्हाऊ दे,” शिवप्पा म्हणाला.

“नको कोण म्हणालं? घेते म्हणाले न्हवं का?”

आता सगळे पार्वतम्माकडं बघू लागले. तिचे डोळे अजून ओले होते. त्या पाण्याचं आता काय करायचं हे तिला कळत नसावं. तिनं ते पदरानं पुसलं आणि दोन्ही लेकांच्या गुडघ्यांवरचे हात काढून घेतले. ते चनबसप्पाला तुरुंगापेक्षा जड गेलं.

“पंचमीच्या दिवशी, लेकीच्या पानावर, माझ्यासमोर दिलं म्हणालास,” ती चनबसप्पाला म्हणाली. “दिलं ते दिलं. आता घासून द्या. दोघांनी.”

“अव्वा, तो गाळ काय राखेनं निघतोय?” शिवप्पा म्हणाला. “बरं, ट्रक लावतो. लांब कुटंतरी ओढ्यात—”

“सायबानं बिरप्पाला सांगितलंय,” दाक्षायणी म्हणाली. “उचलून दुसऱ्याच्या पाण्यात टाकलं तर तो दुसरा गुन्हा. मायाक्काला सगळं पाठ झालंय. तुमाला कसं झालं न्हाई?”

चनबसप्पानं सवयीनं मनात जमाखर्च मांडला. जागा गेली. वकिलापुढं ताठ मानेनं बसायचं गेलं. गाळ आला, तोही भावाशी भागीत. जमेच्या बाजूला शोधशोध शोधलं तेव्हा एवढंच सापडलं की खटला हरायचं मागणं देवानं अभिषेकाशिवाय ऐकलं. आपण इतकी वर्षं एका खड्ड्याचे धनी व्हायला रक्त आटवलं, याचं त्याला हसू यायला लागलं, आणि ते दाबायला त्यानं तुपात बुडालेलं दिंड तोंडात कोंबलं.

“हसताय काय?” कस्तुराबाई म्हणाली.

“काय न्हाई. म्हशीची आठवण झाली. आख्ख्या खटल्यात पोट भरलं ते तिचंच.”

दुसऱ्या दिवशी साहेब सांगितल्या वेळेला आला. या माणसाची हीच खोड चनबसप्पाला सर्वात जाचक वाटत होती. बांधावर बिरप्पा आणि मायाक्का उभे होते. दाक्षायणी आईला धरून मागच्या दारात. शिवप्पा फाटकापाशी, आत ना बाहेर.

“ठरलं?” साहेबानं विचारलं.

“ठरलं,” चनबसप्पा म्हणाला. “जागा बहिणीची. घाण आमची.”

साहेबानं रुमाल नाकावरून काढला. ऑफिसात बसून असलं उत्तर त्यानं बहुधा कधी ऐकलं नसावं.

“मग ऐका. दोन्ही मोऱ्या आजच बंद. रंगाचं पाणी यापुढं जमिनीत मुरता कामा नये, सिमेंटची टाकी बांधा. त्यात पाणी कसं निवळायचं ते आमचा माणूस येऊन सांगेल. खड्ड्यातला गाळ सुकवून बंद हौदात ठेवायचा, आणि मला विचारल्याशिवाय टोपलीभरसुद्धा हलवायचा नाही. विहिरीचं पाणी ठीक आहे असं तपासून कळेपर्यंत बिरप्पाच्या घरचं पाणी तुम्ही भरायचं. मेंढरांची भरपाई त्यानं मागितली तर तो वेगळा विषय, त्यात मी मध्ये येणार नाही. हे सगळं करतो म्हणून लिहून द्या. नाही केलंत तर मी खटला भरणार.”

“सायेब, पाणी भरायचं म्हंजे,” चनबसप्पा बोलून गेला, “एकदा जोराचा पाऊस लागला की विहीर आपोआप धुऊन—”

मागच्या दारात काकणं वाजली. चनबसप्पानं वाक्य तिथंच सोडलं.

“भरतो,” तो म्हणाला. “मायाक्का, घागरी किती लागत्यात?”

“सून बाळंत झाली की जास्त लागतील,” बांधावरून मायाक्का म्हणाली.

“जास्त भरतो.”

साहेबानं पॅडला कागद लावला आणि पेन पुढं केलं. “आमची म्हणालात. आमची म्हणजे कुणाची? नाव लागेल. ज्याचं नाव, त्याला मी धरणार.”

चनबसप्पानं फाटकाकडं बघितलं नाही. बघायचं धाडस नव्हतं. शिवप्पाच्या जागी आपण असतो तर एव्हाना फाटकाबाहेर असतो, हे त्याला स्वच्छ माहीत होतं. स्वतःची पारख त्याला चांगली होती, तिचा उपयोग तो फक्त दुसऱ्यांवर करत असे. एकट्यानं टाकी, एकट्यानं गाळ, एकट्यानं तुरुंग. कागदावर तो वाकला. तेवढाच वेळ काढायला त्यानं पेन झटकलं, आणि शाई आपल्याच धोतरावर उडवून घेतली.

मागून पावलं वाजली.

“आमची म्हंजे दोघांची, सायेब,” शिवप्पा म्हणाला. तो येऊन भावाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला आणि कागदात वाकून बघू लागला. “माझं पण लिवा. फक्त थोरल्याचं नाव वर असू द्या. आमच्यात तसंच असतंय.”

मान मोठा होता. चनबसप्पानं वरच्या ओळीवर सही केली आणि पेन धाकट्याच्या हातात दिलं.